तेरा स

मास्तरांनी आयुष्यात कुणाला 'छान' म्हटलं नव्हतं. चित्रशाळेत तीस वर्षं त्यांनी अक्षरांची नक्षी शिकवली. त्यांच्या वर्गातून रडत बाहेर पडलेली माणसं आज मोठमोठ्या जागांवर बसून ते रडणं कौतुकानं सांगतात. विद्यार्थ्यानं कागद पुढे केला की मास्तर खिशातून ब्लेड काढायचे, जमलेला भाग तेवढा कापून त्याच्या हातावर ठेवायचे आणि उरलेला कागद टोपलीत टाकायचे. एका मुलीला नखाएवढा तुकडा परत मिळाला होता. "एवढं जप," मास्तर तिला म्हणाले होते, "बाकीचा केर मी टाकतो."

सून लग्न होऊन घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि हातात बोरू दिला. "एक सरळ रेघ ओढ. पट्टी न घेता." तिनं ओढली. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"बरं," ते म्हणाले. "चहा टाक."

त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात तिची पहिली दोन वर्षं गेली. नंतर तिनं नाद सोडला. लग्नाआधी ती एका छापखान्यात खिळे जुळवायची. लग्नानंतरही जात राहिली, आणि कॉम्प्युटर आला तशी त्याच्यासमोर बसली. घरी मास्तर टेबलाशी अक्षरं काढत बसले की ती येता-जाता बघायची. चहा ठेवताना, फरशी पुसताना, पडदा सारताना. शिकवा म्हणून कधी तोंडातून काढलं नाही. वीस वर्षं येता-जाता बघितलं तरी पुष्कळ होतं.

छापखान्याचे मालक मास्तरांचे जुने विद्यार्थी. छापखान्याला पन्नास वर्षं होत होती, तेव्हा त्यांनी ठरवलं की असं पुस्तक काढायचं, जे लोकांनी वाचलं नाही तरी पुसूनबिसून कपाटात ठेवावं. त्यासाठी त्यांनी भूमितीचा सगळ्यात जुना ग्रंथ निवडला. तेरा भाग, साडेचारशेच्या वर प्रमेयं. भाषांतर एका निवृत्त प्राध्यापकांनी करून ठेवलेलं होतं. आकृत्या दोन रंगांत, कागद जाड, आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या सिद्धतेला सुरुवातीचं एक मोठं नक्षीदार अक्षर. प्राध्यापकांची प्रत्येक सिद्धता 'समजा' या शब्दानं सुरू होत होती, म्हणजे तेराही ठिकाणी अक्षर एकच, स.

"तेरा वेळा तोच स," मालक घरी येऊन म्हणाले, "आणि एकही दुसऱ्यासारखा नको. सर, तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

मास्तर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. "करू," म्हणाले. "जुळणी कुणाकडे आहे?"

"वहिनींकडेच की."

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. "मग अक्षरं मोठी काढायला हवीत. मजकुरावरून लोकांची नजर हटवायला."

मालक हसले. तिचा नवराही हसला. तिनं कप उचलले आणि आत गेली.

पुस्तकाचं काम मात्र तिनं जीव लावून केलं. आकृती बघायला वाचणाऱ्याला पान उलटावं लागू नये, हा तिचा हट्ट होता. साडेचारशे प्रमेयं, आणि प्रत्येकाची आकृती सिद्धतेच्या शेजारीच बसली पाहिजे. 'कोन अबक' मधला अ एका ओळीच्या टोकाला आणि बक पुढच्या ओळीत असं झालं की ती अख्खा परिच्छेद नव्यानं जुळवायची. शेजारच्या टेबलावरचे जुळारीकाका म्हणायचे, "अहो, कोन तुटला तर माणूस मरत नाही." ती म्हणायची, "कोन मरतो ना."

मास्तरांचा पहिला स आठ दिवसांत आला. दोन वेली एकमेकींना गोल छेदून जातात आणि छेदतात तिथे एक कळी. त्याखाली तो स असा बसला होता, की जणू तो आधी होता आणि वेली नंतर त्याच्याभोवती उगवल्या. सगळा छापखाना तो बघायला तिच्या टेबलाशी गोळा झाला. दुसरा तीन आठवड्यांनी आला. तिसऱ्याला दोन महिने लागले.

"हा कागद शाई पितो," मास्तर म्हणाले. तिनं दुसरा कागद आणला. मग शाई पातळ निघाली. मग बोरू ओला निघाला. मग एक दिवस ते म्हणाले, "तू मागे उभी राहतेस म्हणून होतंय हे." ती खोलीत जायची बंद झाली. मग ते म्हणाले, "घरात तुझं पाऊल वाजतं." तेव्हापासून मास्तर टेबलाशी असले की ती चवड्यांवर चालायची. त्रेचाळीस वर्षांची बाई, हातात पाण्याची बादली घेऊन, चवड्यांवर.

सासूबाईंना सगळं आधीपासून माहीत होतं. गेली दोन वर्षं त्या मास्तरांचा कप अर्धाच भरत होत्या.

चौथा स छापखान्यात आला, तो मालकांनी हातात घेतला आणि केबिनचं दार लावलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"चौथा."

"ते मला दिसतंय." अक्षराच्या कडेला रेघ अशी गेली होती, जशी धावत्या गाडीत बसून ओढावी. एका ठिकाणी मास्तरांनी थरथर लपवायला पान काढलं होतं, आणि ते पानही थरथरलं होतं. "नाव जाहीर झालंय. पोस्टर लागलीत. आता दुसरा माणूस आणला तर सर मला जिवंत सोडायचे नाहीत."

तिनं तो कागद त्यांच्या हातातून घेतला.

"तुमचा हात मी पाहिलाय," मालक हळूच म्हणाले. "लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांत तुम्ही जे काढून घालता ना, ते. घरचंच प्रकरण आहे वहिनी, घरातच मिटवू. नाव त्यांचं राहील. रेघ तुमची."

"त्यांना कळलं तर?"

"डोळे कुठे राहिलेत आता त्यांचे."

ती "बघते" म्हणाली. चेहरा पडलेला ठेवला, कारण तसाच ठेवायला हवा होता. केबिनमधून बाहेर आली, मोरीत गेली, नळ सोडला आणि आरशात बघून हसली. मग तोंड धुवून टेबलाशी येऊन बसली.

कॉम्प्युटरवर वळणं ओढून भागलं असतं. तिनं बोरूच घेतला. कागदाच्या गोदामात उत्तरेकडे एक खिडकी होती. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे जायची, रिमांच्या चळतीवर फळी टाकायची आणि काढत बसायची. चौथ्या आणि पाचव्या अक्षरात तिनं मास्तरांचीच कल्पना ठेवली, फक्त रेघ निश्चल केली. सहाव्याला तिला एक गोष्ट खुपायला लागली. मोठा स बाजूला काढला की ओळीत उरत होती नुसती 'मजा'. मास्तरांच्या अक्षराची शिरोरेघ ओळीच्या बरीच वर असायची, त्यामुळे पान उघडलं की गंभीर ग्रंथात आधी मजा दिसायची. जुळारीकाका दर वेळी हसायचे. तिनं सहाव्या स ची शिरोरेघ उजवीकडे बारीक करत नेली, वेलीच्या तंतूसारखी खाली वळवली आणि ओळीच्या शिरोरेघेला अलगद जोडून दिली. 'समजा' पुन्हा एक शब्द झाला. मग तिनं मागचे पाचही तसे करून घेतले, मास्तरांच्या हातचे पहिले तीन धरून.

सहा भागांचं प्रूफ घेऊन मालक स्वतः घरी आले. मास्तरांनी भिंग काढलं. अर्धा तास कुणी हललं नाही. सासूबाई दारात, नवरा खुर्चीच्या पाठीला धरून, सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मास्तर प्रत्येक स वर भिंग ठेवत आणि कडेकडेनं फिरवत. पहिल्यावर ते फार वेळ थांबले. सहाव्यावर त्याहून जास्त.

मग त्यांनी भिंग मिटलं आणि म्हणाले, "छान."

मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. नवऱ्याला भरून आलं. सून मात्र धास्तावली. तो शब्द या घरात तिनं कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या सुरू झाल्या. "चौथ्याचं पोट जड झालंय माझ्याकडून," मास्तर सकाळी म्हणायचे. "नव्यानं काढतो." दिवसभर ते टेबलाशी बसायचे आणि संध्याकाळी एक थरथरलेला कागद तिच्या हातात द्यायचे. "उद्या घेऊन जा." ती दुसऱ्या दिवशी गोदामात बसून तो अख्खा नव्यानं काढायची. चार दिवसांनी प्रूफ घरी यायचं. "आता पोट बरं आहे, पण मान अवघडलीय. माझीच चूक." पुन्हा नवा कागद. चौथा असा सात वेळा झाला. पाचवा नऊ वेळा. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला. सुट्टीतलं जेवण राहून जायचं. डबा तसाच घरी परत यायचा, आणि सासूबाई तो उघडून बघायच्या आणि धुवायच्या.

"बाबा किती कष्ट घेतायत," नवरा म्हणायचा. "या वयात."

सातवा, आठवा, नववा, दहावा. सगळ्यांचं तेच. अकराव्याला तिला ताप होता, तरी गेली.

मग एका संध्याकाळी मास्तरांनी तिला बोलावलं आणि एक कागद पुढे केला. कागदाच्या मधोमध शाईचा एक डाग होता. बाकी काही नाही. अक्षर नाही, नक्षी नाही, पेन्सिलीची खूणसुद्धा नाही. पायाच्या अंगठ्याएवढा डाग.

"हा बारावा," मास्तर म्हणाले. "जसाच्या तसा छापायचा. माझ्या रेघेला धक्का लागता कामा नये."

ते तिच्याकडे बघत होते. डोळे चांगले स्वच्छ होते त्यांचे.

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि कागद पिशवीत ठेवला.

बारावा तिनं कुणाच्याही कल्पनेवाचून काढला. त्या भागात एक सिद्धता होती: वर्तुळाच्या आत चौकोन काढायचा, मग त्याच्या बाजूंची संख्या दुप्पट करायची, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट, आणि उरलेली फट हवी तेवढी लहान करत न्यायची. तिनं तेच केलं. आत चौकोन, त्याबाहेर आठ कोन, सोळा, बत्तीस. प्रत्येक फटीत एक पाकळी, आणि बाहेरच्या कडेला पाकळ्या इतक्या बारीक की वर्तुळ कुठून सुरू होतं ते सांगता येऊ नये. मधे स, एकदम साधा. एका सुट्टीत तिचं निम्मं झालं, दुसऱ्या सुट्टीत पुरं. तो प्रूफमध्ये घरी आला तेव्हा मास्तरांनी त्याच्यावर भिंगसुद्धा ठेवलं नाही. नुसतं पान उलटलं. त्याची दुरुस्ती आली नाही. तेराव्याचीही आली नाही.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. मास्तरांच्या तीस वर्षांतले विद्यार्थी आले होते, काही तर परगावाहून. प्राध्यापक बोलले, मालक बोलले. जुळणीचं नाव कुणी घेतलं नाही, पण ती सवय तिला होती. ती तिसऱ्या ओळीत नवऱ्याशेजारी बसली होती, आणि आतून, कुणाला दिसणार नाही इतपत, सुखात होती. पडद्यावर एकेक स मोठा करून दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाराव्याला सगळ्यात जास्त.

मग मास्तर उठले. पुस्तक हातात घेतलं, आणि म्हणाले, "पडद्यावर परत पहिल्यापासून लावा."

लावलं.

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी तुम्हाला असं शिकवलं नव्हतं." सभागृह हसलं. "हसू नका, बघा. ही शिरोरेघ खाली कुठे गेलीय? मजकुराचे पाय धरायला? अक्षर राजा असतं. ते ओळीपुढे वाकत नाही. पहिल्यात वाकलंय, दुसऱ्यात वाकलंय, तिसऱ्यात वाकलंय. पुढचा. हा चौथा. याचं पोट बघा. गर्भार आहे का स? पुढचा. ही रेघ गुळगुळीत आहे, पण हिच्यात माणूस कुठेय? मेलेली रेघ आहे ही. मढ्याला पावडर लावावी तशी."

"सर, असं काय बोलताय," पहिल्या ओळीतून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या कामाबद्दल बोलतोय. मला हक्क आहे. पुढचा."

त्यांनी एकेक घेतला. आवाज चढवला नाही. पहिल्या पाच-सहा अक्षरांपर्यंत लोक माना हलवत होते, नाही नाही म्हणत होते. सातव्यापासून त्यांना दिसायला लागलं. आठव्याला एकजण शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला आणि बोटानं हवेत वळण काढून दाखवलं. दहाव्याला लोक मास्तरांच्या आधीच मान डोलवत होते. बाराव्यावर मास्तर पाच मिनिटं बोलले.

"हा सगळ्यात वाईट. इथे काढणाऱ्यानं आपण किती हुशार आहोत ते दाखवलंय. पाकळ्यात पाकळ्या, पाकळ्यात पाकळ्या. अक्षर बिचारं मधे उभं आहे, चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं. विद्यार्थ्यानं हे आणलं असतं तर मी त्याला अक्षर सोडून दुसरं काहीही कर म्हटलं असतं. भाजी वीक म्हटलं असतं." त्यांनी पुस्तक मिटलं. "हात गेला की माणसानं थांबावं. मी थांबलो नाही. क्षमा करा."

सभागृह उभं राहिलं. लोक रडत होते. नवऱ्यानं डोळे पुसले आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा किती मोठ्या मनाचे आहेत, बघ."

ती बसूनच राहिली होती. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा उठली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की गुरूंनी स्वतःच्या उतरत्या हाताची जाहीर कबुली दिली. पुस्तक मग कुणी बघेना. बघितलं तर दोष मोजायला. मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची दाखवली नाही. "शिरोरेघेला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ते म्हणाले. "होतं तसं ठेवलं असतं तर म्हातारपणाची थरथर म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं असतं."

त्या संध्याकाळी नवरा घरी नव्हता. सासूबाई भाजी निवडत होत्या. ती मास्तरांच्या खोलीत गेली, चवड्यांवर नाही, नेहमीच्या पावलांनी.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"कुणी काढलेत ते."

"मी काढलेत. पुस्तकावर नाव आहे माझं."

"वाईट होते?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. ती वळली, तेव्हा ते म्हणाले, "बारावा चांगला होता."

"मग?"

"मग काय? म्हणून तर त्याच्यावर जास्त बोललो."

मग तिनं टेबलावरचा त्यांचा रिकामा कप उचलला, आत नेला आणि विसळून पालथा घातला.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी जुने विद्यार्थी घरी आले. सहाजण होते, त्यांतल्या एक बाई आता चित्रशाळेच्या मुख्य होत्या. सरांनी मनाला फार लावून घेतलंय, आपण जाऊन त्यांना उभारी द्यावी, असं ठरवून आले होते. चहा झाला. जुन्या फटकाऱ्यांच्या आठवणी निघाल्या. मास्तर खुशीत होते, एकाला त्यांनी "अजून तुझा ण लंगडतो का रे?" असं विचारलं आणि सगळे पोट धरून हसले.

"सर, तुमचा हात गेला हे आम्ही मानतच नाही," मुख्य बाई म्हणाल्या. "आमच्यासाठी एक अक्षर काढून द्या. शाळेत लावते."

मास्तरांचं हसू तसंच राहिलं. "आज नको. शाई संपलीय."

सून दारात ट्रे घेऊन उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. मागत होते ते.

"आहे ना, बाबा," ती म्हणाली. "कालच आणलीय."

तिनं ट्रे ठेवला. टेबल मोकळं केलं, कागद पसरला, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. बोरूला नवी चीर दिली. दौतीचं झाकण काढलं. खुर्ची मागे ओढून धरली.

"अगं, सकाळपासून पाठ दुखतेय त्यांची," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"एका अक्षराला कितीसा वेळ लागतो, आई? बसा, बाबा."

मास्तर बसले. सहाजण टेबलाभोवती उभे राहिले, वर्गात राहायचे तसे. मास्तरांनी बोरू बुडवला. कागदापर्यंत नेईतो शाईचे तीन थेंब पडले. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. बोरू कागदावर टेकला आणि भरकटला. पहिली गाठ झाली, ती फुटली. गाठीतून निघालेली रेघ खाली येता येता चार ठिकाणी अडखळली.

"राहू द्या, सर," कुणीतरी म्हणालं.

"शू," सून म्हणाली. "त्यांना मधे बोललेलं चालत नाही."

म्हणून कुणी बोललं नाही. उभा दंड राहिला होता, तो त्यांनी काढला. शिरोरेघ राहिली होती. ती ओढायला त्यांना इतका वेळ लागला की बाहेर एक फेरीवाला ओरडत आला आणि ओरडत लांब निघून गेला. मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम कागदावर पडला आणि शाई तिथे फुलली.

"खाली सही, बाबा," सून म्हणाली.

त्यांनी सही केली. मुख्य बाईंनी कागद दोन्ही हातांनी उचलला, "थँक्यू, सर" म्हणाल्या, आणि तो कसा धरावा ते त्यांना कळेना. पाच मिनिटांत सगळे गेले. मास्तर खुर्चीतच होते. शाईचा हात त्यांनी पायजम्याला पुसला, पुन्हा पुन्हा, हात कोरडा झाला तरी.

"झालं समाधान?" सासूबाईंनी स्वयंपाकघरात तिला विचारलं.

"हो," ती म्हणाली. खोटं बोलावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

पण सहाजणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा हात साधी रेघ ओढू शकत नाही, तर ते तेरा स काढले कुणी? ते मालकांकडे गेले. मालकांनी एक दिवस मागून घेतला आणि मग सांगून टाकलं, की सरांच्या तब्येतीमुळे ती अक्षरं कॉम्प्युटरवर तयार करून घेतली होती. सगळ्यांना ते लगेच पटलं. मेलेली रेघ, माणूस कुठेय, सर तेव्हा हेच तर सांगत होते! यंत्राचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं त्यांनी. मास्तरांचा सत्कार करायचं ठरलं.

ती केबिनमध्ये गेली. "मी काढलेत ते. बोरूनं. तुम्हाला माहीत आहे."

"आता हे सांगून कुणाचं भलं होणार, वहिनी?"

"मूळ कागद आहेत. गोदामात, खिडकीखालच्या खोक्यात."

मालकांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "होते," ते म्हणाले. "गोदाम आवरलं ना परवा. सगळी रद्दी गेली."

ती धावत गोदामात गेली. खिडकीखाली नव्या कागदाच्या रिमा रचून ठेवलेल्या होत्या.

महिनाभरात मास्तर आणि सासूबाई नणंदेकडे राहायला गेले. जाताना सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा सांगितल्या, दुसरं काही नाही. नवरा बोलत होता, पण कामापुरतं. "तू बाबांना चारचौघांत उघडं पाडलंस," एवढं एकदा म्हणाला. बाबांनी तिचं काय केलं ते त्याला माहीतच नव्हतं, तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "आता त्यांच्यावर ढकलू नकोस." सत्काराला तिला कुणी बोलावलं नाही. मास्तरांना तिथे धरून उभं करावं लागलं म्हणे. पुढच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले.

ती छापखान्यात जात राहिली. अक्षरांच्या स्कॅन केलेल्या फायली कॉम्प्युटरवर होत्याच. मालक त्या मागेल त्याला देऊन टाकत. कॉम्प्युटरचं काम, त्याला काय मालकी? कुणाच्या दुकानाच्या पिशवीवर पाचवा स दिसला, कुणाच्या डायरीवर अकरावा.

एका दुपारी नवऱ्याबरोबर ती नणंदेकडे निघाली होती. मास्तर आता कुणाला ओळखत नव्हते, तेव्हा तिनं यायला हरकत नाही असं ठरलं होतं. चौकात गाडी थांबली. समोर शिकवणी वर्गाची नवी पाटी लावलेली, 'सोपी भूमिती, हमखास गुण', आणि त्यातल्या 'सोपी'चा स म्हणजे तो बारावा होता. जागा भरायला पाटीवाल्यानं तो आडवा ताणला होता. पाकळ्या चपट्या झाल्या होत्या, वर्तुळाचं अंडं झालं होतं, आणि शिरोरेघ जिथे ओळीला मिळायची तिथे कापून टाकली होती. ती बघत राहिली. नवऱ्यानंही मान वाकवून काचेतून वर पाहिलं.

"हा बाबांच्या पुस्तकातला ना?"

"हो."

"बाबांचा नव्हे ना पण?"

"नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचा."

"तरीच," नवरा म्हणाला. "निर्जीव वाटतो जरा." आणि त्यानं गाडी पुढे काढली.